थंडी परवडली, पण हवा आवर!

पुण्यात किमान तापमान 9 अंशांवर उतरलं की दुसऱ्या दिवशी पेपरात शेकोटीचा फोटो ठरलेला. दिल्लीत 30 डिसेंबर 2019 रोजी सफदरजंगच्या वेधशाळेत 9.4 अंश नोंदले गेले आणि ते होतं कमाल तापमान. भरदुपारचं! 1901पासूनच्या नोंदींत डिसेंबरातला इतका गार दिवस दिल्लीने पाहिला नव्हता. रात्रीचं विचारू नका: 16 जानेवारी 1935 रोजी याच वेधशाळेत पारा उणे 0.6 अंशांवर गेला होता, आणि 1 जानेवारी 2021च्या पहाटे 1.1वर.

या सफदरजंगपासून फार लांब नाही मुनिरका. आउटर रिंग रोडला खेटून असलेलं टोकस मंडळींचं हे जुनं जाट गाव. आता चार-पाच मजली इमारती एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या आहेत आणि मधल्या गल्लीत तारांचं जंजाळ. एका बाजूला जेएनयू, दुसऱ्या बाजूला आयआयटी, अध्येमध्ये बेर सराय नि कटवारिया सराय. त्यामुळे पीएचडीला, यूपीएससीला, नोकरीला आलेली मराठी मुलंमुली इथे खोल्या घेऊन राहतात. गावाकडे पायांना सवय असते पर्वतीच्या पायऱ्यांची, रंकाळ्याच्या फेरीची, नाहीतर पोलिस भरतीच्या 1600 मीटरची. नोव्हेंबर लागला की हे पाय रजईत अडकतात ते थेट होळीला बाहेर येतात. दोष अर्थातच थंडीच्या माथी. खरं तर थंडी बिचारी निर्दोष आहे.

पळायला हाच गारठा लागतो

12 ऑक्टोबर 2019 रोजी व्हिएन्नात एलिउड किपचोगेने 42.195 किलोमीटर 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत कापले, तेव्हा हवामान मुद्दाम निवडलेलं होतं: दहाएक अंशांचं. धावताना शरीर जी ऊर्जा जाळतं, तिचा जेमतेम पाव भाग पायांच्या कामी येतो. बाकीची उष्णता होऊन अंगात साठते आणि ती बाहेर काढायला रक्त त्वचेकडे धावतं. गारठ्यात हे काम फुकटात होतं, म्हणून रक्त पायांच्या वाट्याला उरतं. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असूनही तिथे घामाच्या धारा लागतात, आणि मुनिरक्यात त्याच दिवशी तापमानापुरतं बोलायचं तर व्हिएन्ना घरपोच मिळते.

फक्त पहिली दहा मिनिटं सांभाळा. थंड स्नायू आखडलेले असतात आणि गारठ्यात रक्तदाब वाढतो. त्यामुळे आधी खोलीतच हातपाय मोकळे करावेत आणि मग दार उघडावं. कपड्यांचा धावपटूंचा जुना हिशेब असा की बाहेर पडताना थोडी हुडहुडी भरलीच पाहिजे. घरातून निघताना उबदार वाटलं, तर दुसऱ्या किलोमीटरला जॅकेट कमरेला येतं. माकडटोपीला मात्र माझा पाठिंबा आहे. कान गार पडले की माणूस घरी परततो.

वर झाकण, खाली आपण

खरी अडचण हवेची. थंडीत रात्री जमीन लवकर निवते आणि तिला चिकटलेली हवाही गार, जड होते. वर तुलनेने ऊबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. वाऱ्याचा पत्ता नाही. मग गाड्यांचा धूर, रस्त्यावरची धूळ, कुठे पेटवलेला कचरा, सगळं त्या झाकणाखाली रात्रभर मुरतं आणि पहाटे, म्हणजे नेमकं आपल्या आईवडिलांनी शिकवलेल्या 'सकाळच्या शुद्ध हवे'च्या वेळी, मुबलक मिळतं. दिल्लीच्या हिवाळ्यात पहाटेची हवा बऱ्याचदा दिवसातली सर्वांत वाईट असते. पाच वाजता उठून पळणाऱ्याचं कौतुक करावं की कीव, कळत नाही.

दुपारी ऊन जमिनीला तापवतं, झाकण उचललं जातं, हवा वर जायला लागते. साधारण एक ते चार हा मुनिरक्यातला पळण्याचा मुहूर्त. संध्याकाळी पुन्हा आउटर रिंग रोड गाड्यांनी भरतो, सूर्य साडेपाचच्या आसपास दडी मारतो आणि झाकण परत बसतं. उजेडाचाही तुटवडाच. दिल्लीचा डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सव्वादहा तासांहून थोडाच मोठा, मुंबईच्या दिवसापेक्षा साधारण 40 मिनिटांनी लहान.

दुपारी दोन वाजता बूट घालून गल्लीतून निघालं की खाटेवर ऊन खात बसलेले ताऊ हुक्क्याची नळी बाजूला करून विचारतात, "दोपहर में कौन दौड़ै सै, भाई?" त्यांना झाकणाची गोष्ट सांगून पाहा. ते मान डोलावतात आणि शेंगदाणे पुढे करतात.

नाक दिल्लीचं, यंत्र पुण्याचं

दिल्लीच्या हवेचा अंदाज बांधणारी देशातली पहिली मोठी व्यवस्था पुण्याच्या पाषाणात जन्मली, हे मुनिरक्यातल्या पुणेकराने छाती फुगवून सांगायला हरकत नाही. (श्वास जपून घ्यावा.) 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दिल्लीत 'सफर' ही हवेचा अंदाज देणारी यंत्रणा उभी केली. याच संस्थेचे शास्त्रज्ञ 2015-16च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर येऊन धुक्याचा अभ्यास करतात. मुनिरक्याच्या माणसाला हे धुकं ओळखीचं. डोक्यावरून उतरणाऱ्या विमानाचा आवाज येतो, विमान दिसत नाही.

आणि रोज सकाळी मोबाइलवर आपण पाहतो तो एक्यूआयचा आकडा? तो हवेच्या गुणवत्तेचा राष्ट्रीय निर्देशांक ऑक्टोबर 2014 मध्ये जाहीर केला तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी. तेही पुण्याचेच. एक आकडा, एक रंग, एक वर्णन अशी साधी मांडणी. 50पर्यंत चांगली, 100पर्यंत समाधानकारक, 200पर्यंत मध्यम, पुढे वाईट, अति वाईट, आणि 400च्या वर गंभीर. मुनिरकावाल्यांनी अख्ख्या दिल्लीची सरासरी पाहण्यापेक्षा शेजारच्या आर. के. पुरमच्या केंद्राचा आकडा पाहावा.

माझा स्वतःचा हिशेब ढोबळ आहे. 200च्या आत असेल तर मनसोक्त पळणं, 200 ते 300 मध्ये थोडं आणि गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने, 300च्या वर बूट खोलीतच. कारण बसल्या जागी माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, आरामात धावतानाही 40-50 लिटर, आणि दम लागला की नाक सोडून तोंडाने. नाकातली गाळणी मग बेकार. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 2.5 या बारीक कणांची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम ठरवली, आपली सरकारी मर्यादा 60 आहे. दिल्लीचा हिवाळा दोन्हींना जुमानत नाही. ज्यांना दमा आहे किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी हा माझा हिशेब वापरू नये, डॉक्टरांचा वापरावा.

आष्टीचा गडी आणि थंड रविवार

29 नोव्हेंबर 2020. दिल्ली हाफ मॅरेथॉन. कोविडमुळे रस्त्यावर फक्त निवडक अव्वल धावपटू. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 21.1 किलोमीटर 1 तास 30 सेकंदांत धावला. 61 मिनिटांच्या आत हाफ मॅरेथॉन संपवणारा तो पहिला भारतीय. हिशेब मांडा: किलोमीटरला 2 मिनिटं 52 सेकंद, म्हणजे ताशी जवळपास 21 किलोमीटर. मुनिरक्यातल्या तळघरातल्या जिममध्ये इतका वेग दाखवणारी ट्रेडमिल सापडणं अवघड. संध्याकाळी सहाला आउटर रिंग रोडवर इतका वेग गाठणारी चारचाकीही.

गंमत म्हणजे साबळेचा मूळ प्रकार हाफ मॅरेथॉन नाहीच. तो 3000 मीटर स्टीपलचेसवाला, अडथळ्यांवरून आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारणारा. महार रेजिमेंटचा हा जवान सियाचिनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला, मग सैन्याच्या क्रॉसकंट्रीत शिरला. वजन वाढलं होतं, ते मेहनतीने उतरवलं, आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 2022 मध्ये रौप्य, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि जुलै 2024 मध्ये पॅरिसला 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. निरनिराळ्या कामांना जुंपलेले पाय सपाट रस्त्यावरही वेगात चालतात, याचा याहून मोठा मराठी दाखला कुठे मिळणार?

दिल्लीशी नाशिकच्या कविता राऊतचंही नातं जुनं. 2010 मध्ये इथल्याच जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर 10,000 मीटरमध्ये तिने कांस्य जिंकलं. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

शर्यतच थंडीतून पळाली

दिल्ली हाफ मॅरेथॉन 2005 मध्ये सुरू झाली आणि पुढे बरीच वर्षं नोव्हेंबरात व्हायची. 2017 मध्ये धुरक्यामुळे इंडियन मेडिकल असोसिएशनने ती पुढे ढकलण्याची मागणी केली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शर्यत झाली. त्याच डिसेंबरात दिल्लीच्या कोटला मैदानावर क्रिकेट कसोटीत श्रीलंकेचे खेळाडू मास्क लावून क्षेत्ररक्षणाला उभे राहिले आणि खेळ काही वेळ थांबला. आता ही हाफ मॅरेथॉन ऑक्टोबरात होते, पण तुमच्या-माझ्या रोजच्या धावण्याची तारीख कोण बदलणार?

शिक्षा म्हणून ट्रेडमिल

हवा वाईट म्हणून ट्रेडमिलवर काढलेला अर्धा तास शिक्षा वाटतो? ती शिक्षाच होती. विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने 1818च्या सुमारास तुरुंगातल्या कैद्यांना कामाला लावण्यासाठी पायऱ्यांचं मोठं फिरतं चाक बनवलं. कैदी तासन्‌तास चढत राहायचे, पोचायचे कुठेच नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडने कायदा करून ही पद्धत मोडीत काढली. आज आपण तिचे महिन्याचे पैसे भरतो. आणि एक लक्षात असू द्या: बाहेरची हवा तळघरातल्या जिममध्येही झिरपतेच. एअर प्युरिफायर नसेल, तर तिथे जोराचे स्प्रिंट मारून आपण काही कमावत नाही.

औंधच्या राजाचं क्रॉस ट्रेनिंग

एक्यूआय 300च्या वर गेलेल्या दिवशी दहा बाय आठच्या खोलीत करायचं काय? उत्तर साताऱ्याकडून येतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार स्वतः रोज घातले, संस्थानातल्या शाळांत नेले आणि 1938 मध्ये लंडनहून त्यावर इंग्रजी पुस्तकही काढलं. (लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान देणारे राजे तेच, आणि आपणहून प्रजेच्या हाती सत्ता सोपवणारेही. इतकी ताकद नमस्कारांतून येत असेल, तर बघायला हवं.)

धावणाऱ्याच्या नजरेने एक नमस्कार सावकाश घालून पाहा. खाली वाकताना मांडीच्या मागचा ताठ पट्टा सुटतो. एक पाय मागे नेला की खुर्चीत बसून आखडलेला जांघेचा पुढचा भाग ताणला जातो. दोन्ही पाय मागे, अंग फळीसारखं सरळ: पोट आणि खांदे कामाला. अष्टांग दंडवतात हात, मग पाठ वर उचलताना लॅपटॉपवर पोक काढून बसलेला कणा मोकळा. धावण्यात ज्या स्नायूंना कोणी विचारत नाही, त्यांची एका चटईवर हजेरी लागते. घाईत घातले की दम लागतो, सावकाश घातले की ताण मिळतो. दोन्ही हवेत.

एक उणीव आहे, ती मान्य करू: पोटऱ्या आणि एका पायावरचा तोल यांत नमस्कार कमी पडतो. त्यासाठी जिन्याची पायरी. पंजे पायरीच्या कडेवर, टाचा हवेत, सावकाश खाली आणि वर. दोन्ही पायांनी जमलं की एकेका पायाने. मग बैठका. वजन हवं तर डंबेल्स कशाला? यूपीएससीवाल्याच्या खोलीत लक्ष्मीकांतचा राज्यघटनेवरचा ठोकळा असतोच. तो आणि आणखी दोन जाडजूड पुस्तकं सॅकमध्ये कोंबा, सॅक छातीशी धरा आणि बसा-उठा. घटनेचं ओझं पेलल्याचं समाधान वेगळं. दोरीवरच्या उड्या मात्र खालच्या मजल्यावरच्या मालकिणीला विचारून.

रथसप्तमी हिवाळ्याच्या ऐन उतारावर येते आणि महाराष्ट्रात ती सूर्यनमस्कारांचा दिवस म्हणून साजरी होते. तोवर 12चा आकडा तरी गाठावा.

पळणं थांबलं, सोनं नाही

आठवडाभर पळता आलं नाही म्हणून हळहळणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अमेरिकेच्या जोन बेनॉइटची 1984 मध्ये ऑलिंपिक निवड शर्यतीच्या 17 दिवस आधी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. पाय टेकता येईना, तर तिने व्यायामाची सायकल हातांनी फिरवली. निवड शर्यत जिंकली आणि त्याच ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचं सुवर्णही.

दुसरी गोष्ट रॉजर बॅनिस्टरची. चार मिनिटांत मैल गाठायच्या आधी त्याचा सराव 61 सेकंदांच्या फेरीवर अडकला होता, काही केल्या खाली येईना. मग गडी सराव सोडून मित्राबरोबर स्कॉटलंडच्या डोंगरात चढाईला गेला. परत आल्यावर फेऱ्या 60च्या आत. 6 मे 1954 रोजी 3 मिनिटं 59.4 सेकंद.

आणि आपला मिलिंद सोमण? मुळात पोहण्यातला राष्ट्रीय विजेता. धावणं चाळिशीच्या उंबरठ्यावर सुरू झालं, 2012 मध्ये तो दिल्लीहून मुंबईला पळत आला, 1500 किलोमीटर 30 दिवसांत, आणि पन्नाशी गाठता गाठता झुरिकला आयर्नमॅन पूर्ण केली. पोहणं, सायकल आणि पळणं एकाच दिवशी. त्याच्यासारखं दिसणं सर्वांना जमणार नाही, पण आठवड्यातून एक दिवस सायकल हाणणं जमेल.

मुनिरक्याच्या आसपास

संजय वन: अरवलीच्या खडकाळ कण्यावरचं जंगल, मोर आणि नीलगायी, आणि तोमर राजांच्या लालकोटच्या भिंतीचे अवशेष. पायाखाली माती, म्हणून गुडघे खूश. भुताखेतांच्या गोष्टी ऐकाल, मी तरी भुतापेक्षा अंधारात घोटा मुरगळण्याला जास्त भितो. उजेडातच जा, सोबत घेऊन जा.

हौज खासचं हरणांचं उद्यान आणि तळं: खिलजीच्या काळातला हौद, काठावर फिरोजशहाचा मदरसा. गर्दी असते, पण थंडीत दुपारी झाडांतून पळायला झकास. जेएनयूचा रिंग रोडही उत्तम चढउतारांचा, पण आतल्यांसाठी. फाटकावर ओळखपत्र लागतं.

मुनिरका मेट्रो मे 2018 मध्ये सुरू झाली. त्याच मजेंटा मार्गावर तीन स्थानकं पुढे हौज खास, जमिनीखाली 29 मीटर. सरकता जिना सोडून पायी चढलात, तर नऊ-दहा मजले चढल्याचं श्रेय घ्या.

गजक, रताळं आणि पाण्याची बाटली

थंडीत तहान लागत नाही, पण पाणी जातच असतं: प्रत्येक उच्छ्वासाबरोबर निघणारी ती वाफ तुमचंच पाणी. शिवाय गारठ्यात शरीर हातापायांचं रक्त आत ओढतं, मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालं, आणि अर्ध्या शर्यतीत आडोसा शोधावा लागतो. नाक गळतं ते सर्दी म्हणून नव्हे. कोरडी गार हवा गरम आणि ओली करण्याची नाकाची ती धडपड असते.

पळून आल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीवर निखाऱ्यांत भाजलेलं रताळं मिळतं. लिंबू पिळून, चाट मसाला भुरभुरून. धावपटूला याहून चांगलं खाणं विकत मिळत नाही. गजक म्हणजे आपल्या तिळगुळाची दिल्लीकर मावसबहीण. तीळ, गूळ, आणि हात थांबवणं कठीण.

एवढं एक मात्र हसण्यावारी नेऊ नका. खोली गरम करायला बंद दाराआड अंगीठी पेटवू नका. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दर हिवाळ्यात त्याने माणसं झोपेतच जातात.

बाकी, जानेवारीत कधी तरी पश्चिमेकडून विक्षोभ येतो, रात्री पाऊस पडतो, वारा सुटतो आणि दुसऱ्या दिवशी झाकण साफ उडालेलं असतं. तो दिवस ओळखा, दुपारची मीटिंग पुढे ढकला, आणि पळून घ्या.